पांघरुणावरची लोकर

चिमटेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गिरणीत तिला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं कोणालाच आठवत नाही. चिमटा तिच्या हातात असायचा म्हणून ते नाव पडलं, असं बायका तिच्यासमोर म्हणत. तिच्या माघारी म्हणत, की हातातला चिमटा संध्याकाळी टेबलावर ठेवून जाते, जिभेवरचा मात्र घरी नेते.

ब्लँकेट आणि कोटाचं कापड विणणारी ती जुनी गिरणी. माग खालच्या मजल्यावर होते. त्यांचा खडखडाट जिन्यातून वर यायचा आणि टेबलांच्या पायांत थरथरत राहायचा. वर मोठ्या खिडक्यांची एक लांब खोली होती, ते वेचणीचं खातं. मागावरून उतरलेल्या कापडाचं ठाण उतरत्या टेबलांवर यायचं आणि बायका ते हाताखालून हळूहळू ओढत त्यातल्या गाठी, कुसळं, काडीकचरा चिमट्यानं उचलायच्या. काम डोळ्यांपेक्षा बोटांचं जास्त. चिमटेबाई तर अवघड ठाण आलं की डोळे मिटून घ्यायची आणि कापड उलटं टाकायची. "तोंडावर सगळेच गुळगुळीत असतात," म्हणायची, "पाठीवरून हात फिरवला की कळतं कोण कसं आहे ते."

चिमट्यानं निघालेला लोकरीचा पुंजका ती टेबलावर ठेवत नसे. फुंकर मारून उडवून द्यायची. ज्या गोष्टीची किंमत नाही तिला तिच्या बोलण्यात एकच शब्द होता: फुंकरीचा माल. मुकादमाची बोलणी फुंकरीचा माल, शेजारणीचा रुसवा फुंकरीचा माल, स्वतःची पाठदुखी तर नक्कीच फुंकरीचा माल.

इतक्या वर्षांत तिच्या हातून एकच मोठी चूक झाली आणि तीसुद्धा अशी, की दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. एकदा नव्या धाटणीचं कापड वर आलं. राखाडी अंग आणि त्यात मुद्दाम विणलेल्या रंगीत गाठी, निळ्या, तांबड्या, मोहरीएवढ्या. त्या गाठी हीच त्या कापडाची शोभा होती. पण सांगायचं कोणी? चिमटेबाईनं डोळे मिटले, कापड उलटं टाकलं आणि सकाळच्या सकाळी अर्धं ठाण स्वच्छ करून टाकलं. मुकादम वर आला आणि दारातच मटकन खाली बसला. राखाडी सपाट कापड एका बाजूला, रंगीबेरंगी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही चिमटा घेऊन उभी.

"अहो, त्या गाठी नव्हत्या," तो जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. "ती नक्षी होती."

"मग कापडाच्या अंगावर लिहायचं होतं तसं," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती डबा न खाताच घरी आली. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं टेबलावर हसून हसून सांगितली जायची. तीही हसायची. मात्र हसताना हात मांडीवर घट्ट धरून ठेवायची.

तिला दोन मुली. थोरली मोठी झाली तशी आईच्या शेजारच्या टेबलाला उभी राहिली आणि आई निवृत्त झाल्यावर आईच्या टेबलाला. धाकटी हुशार, नाकावर राग, शिकून लांबच्या शहरात कचेरीत लागली. लहानपणी शाळेला निघताना दोघींना दारात थांबावं लागे. आई खांद्यांवरून, बाह्यांवरून, पाठीवरून हात फिरवायची, काही ना काही उचलायची, फुंकर मारायची आणि मग म्हणायची, "हं, जा." दुसऱ्या घरांत मुलांचे लाड करत असतील, पापे घेत असतील. या घरात एवढंच होतं. थोरलीला त्याचा अर्थ कधी समजावून सांगावा लागला नाही. धाकटीला मात्र ती रोजची झडती वाटायची.

गिरणीतून आल्यावरही आईचे हात स्वस्थ बसत नसत. रांगेत पुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या कोटावरचं कुसळही ती सहज उचलून टाकायची. तो दचकून मागे बघायचा आणि थोरली मान दुसरीकडे फिरवायची.

धाकटीनं लग्न ठरवलं आणि त्या माणसाला घरी आणलं, तेव्हाही तेच झालं. चहा झाला, गप्पा झाल्या. तो उठला तसा आईचा हात त्याच्या कोटाच्या पाठीवरून फिरला. "माल हलका आहे," आई म्हणाली, "समोरून दिसत नाही, मागून गाठी आहेत." ती कोटाबद्दल बोलत होती की माणसाबद्दल, हे तिलाच ठाऊक. तो बिचारा हसला. धाकटी हसली नाही. त्याला निरोप देऊन ती परत आत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी तुझं ठाण नाही. जन्मभर माझ्यातल्या गाठीच शोधल्यास तू. आता पुरे. यापुढे माझ्या अंगावरचं काहीएक वेचायचं नाही. हात लावायचा नाही मला."

"नाही लावत," आई म्हणाली.

एवढंच. आवाज कोणाचाही चढला नव्हता. पण लग्नाला आई गेली नाही आणि लग्नानंतर धाकटी आली नाही. थोरलीनं दोन्हीकडे शब्द टाकून पाहिला. धाकटी फोनवर म्हणायची, "तिनं बोलावलं तर येईन." आई म्हणायची, "फुंकरीचा माल आहे तो. येईल तेव्हा येईल." वर्षं गेली.

मग आईची मूत्रपिंडं थकली. पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, दिवसाही झोप येऊ लागली. मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. तिथल्यांनी हातचं राखून काही सांगितलं नाही. या वयात फार काही होण्यासारखं नाही, घरीच ठेवा, म्हणाले. थोरलीनं आईची खाट खिडकीखाली घेतली. अंगावर गिरणीचंच तपकिरी ब्लँकेट घातलं. सकाळी थोरली कामावर असे, तेव्हा थोरलीचा नवरा सासूपाशी बसायचा. तो गिरणीच्या बॉयलरवर दुपारपाळीला होता. सासू-जावयांचं बरं जमायचं, कारण तो तिच्या चिमट्यांना उलट उत्तर देत नसे, नुसता हसायचा.

एकदा भात भरवताना थोरलीनं विषय काढला. "छोटीला बोलावू का?"

आईनं घास गिळला. बराच वेळ लागला तिला. "आत्ता बोलावलंस आणि मी बरी झाले, तर? दोघींनी कुठं बघायचं? मी जाणार हे नक्की झालं, की बोलाव. तेव्हा ती नाही म्हणणार नाही आणि मलाही फार वेळ तोंड लपवावं लागणार नाही."

"आणि नक्की झालं हे मला कसं कळायचं?"

"तुला नाही कळणार तर कोणाला? ठाण कधी संपत आलं ते कळतं ना हाताला? तसंच."

आता थोरलीच्या जिवाला एकच घोर. बोलावणं वेळेत गेलं पाहिजे. फार लवकर नको, आईचा मान जाईल. फार उशिरा नको, मग कशाचाच उपयोग नाही. ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. श्वास बघायची, नखांचा रंग बघायची. आईचे हात मात्र त्या सगळ्या दिवसांत ब्लँकेटवर पडून असायचे, पालथे, न हलणारे. जन्मात पहिल्यांदा ते हात रिकामे होते आणि थोरलीला सगळ्यांत जास्त भीती त्यांचीच वाटायची.

म्हणून एका सकाळी ती पदर खोचून कामावर निघाली असताना नवऱ्यानं खोलीतून हाक मारली, "अगं, इकडे ये. तुझी आई कामावर रुजू झाली," तेव्हा ती चप्पल घालून तशीच आत धावली.

आईचे हात चालत होते. डोळे अर्धवट मिटलेले आणि उजव्या हाताची दोन बोटं ब्लँकेटवर हळूहळू सरकत होती. मध्येच थांबत, काहीतरी चिमटीत धरत, उचलत, पुन्हा सरकत. डावा हात कापड ताणून धरल्यासारखा.

"आई, काय चाललंय?"

"उजेड कमी आहे," आई म्हणाली. आवाज खोल होता, पण शब्द स्वच्छ. "खिडकी पूस कोणीतरी."

थोरलीनं खरोखरच खिडकी पुसली. त्या दिवशी टेबलावर तिनं सगळ्यांना सांगितलं, की आईचे हात चालू झाले. बायकांना आनंद झाला. "चिमटेबाई ती," एकजण म्हणाली, "यमाच्या अंगावरचंही कुसळ काढेल आणि त्याला परत पाठवेल." थोरली मनापासून हसली. धाकटीला फोन करावा असं सकाळपर्यंत तिच्या मनात घोळत होतं, ते तिनं बाजूला ठेवलं. आई सावरतेय, आता कशाला?

संध्याकाळी आई मधूनमधून बोलत होती. एकदा तिनं थोरलीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "ती गाठ नव्हती."

"कुठली, आई?"

"मी उगाच काढली. ती गाठ नव्हती." मग पुन्हा बोटं ब्लँकेटवर. थोरलीला ते राखाडी ठाण आठवलं, मुकादम आठवला आणि ती हसून म्हणाली, "जाऊ दे ग. झालं ते झालं." आईनं तिच्याकडे बघितलं. आणखी काहीतरी सांगायचं असावं तसं. पण थोरली उशी सारखी करायला वाकली होती आणि ती सरळ झाली तोवर आईचे डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी बोलणं थांबलं. हात चालूच होते, उलट जास्तच. आता बोटं कधीकधी ब्लँकेटच्या वर, हवेतच काहीतरी पकडत. थोरलीनं तेही मनाशी जुळवून घेतलं. उडती लोकर पकडतेय, तिला वाटलं. वेचणीच्या खोलीत ती उडतच असते.

डॉक्टरीणबाई अधूनमधून घरी येऊन बघून जात. वस्तीतल्याच, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी त्या आल्या, नाडी बघितली आणि मग स्टूल ओढून आईच्या हातांकडे बघत बसल्या.

"हे कधीपासून?"

"कालपासून. त्याच्या आधी हात अगदी निर्जीव होते," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "आता बरं वाटतंय तिला, नाही का?"

"याला एक नाव आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फ्लॉक्सिलेशन."

"कशाला? वेचणीला?"

"आजारी माणूस पांघरुणावरचे धागे वेचल्यासारखं करतो, त्याला. फार जुनं नाव आहे. आता पुस्तकांतही क्वचित सापडतं. आमच्या कॉलेजातल्या सरांना मात्र असल्या शब्दांचा नाद होता."

थोरलीला शब्द समोरून बघून चालत नसे. पाठ बघावी लागायची. "पण त्याचा अर्थ काय? कशावरून आला?"

"लॅटिनवरून. लॅटिनमध्ये फ्लॉकस म्हणजे लोकरीचा पुंजका. त्याचा धाकटा शब्द फ्लॉक्सिलस, म्हणजे अगदी इवलासा पुंजका, कपड्यावर दिसतो तसा. त्यावरून जुन्या वैद्यांनी हा शब्द बांधला. सर सांगायचे, की लॅटिन बोलणारे लोक कवडीमोल गोष्टीलाही फ्लॉकसच म्हणत. मी त्याला पुंजक्याइतकी किंमत देत नाही, असं."

"फुंकरीचा माल," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. आई म्हणते तसं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आईच्या हातांकडे बघितलं. "ही खूण शेवटची असते, बहुतेक वेळा. रक्तात साठलेलं विष मेंदूपर्यंत गेलं, की हात असे चालतात. जिथं काही नसतं तिथं वेचत राहतात."

थोरलीला राग आला. "डॉक्टर, दुसऱ्या घरात असेल तो आजार. आमच्या घरात तो धंदा आहे. चाळीस वर्षं हेच केलंय तिनं. झोपेतही करायची."

"असेलही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "बोलूनचालून तिचे हात तुम्ही ओळखता. मी नुसता आजार ओळखते. पण कोणाला बोलवायचं असेल, तर बोलवा."

त्या गेल्या. थोरलीनं फोन उचलला आणि खाली ठेवला. मग गिरणीत गेली. मुकादमाकडून मागावरून नुकताच उतरलेला, न वेचलेला एक तुकडा मागून घेतला. कशाला, हे त्यानं विचारलं नाही. घरी येऊन तिनं आईच्या अंगावरचं ब्लँकेट खाली ओढलं आणि तो तुकडा हातांखाली पसरला. पसरण्याआधी स्वतःचा हात त्यावरून फिरवला. गाठी भरपूर होत्या. मध्यभागी एक तर मुगाएवढी. आंधळ्यालाही सापडली असती.

आईची बोटं सरकली. थोरली श्वास रोखून बघत होती. बोटं त्या गाठीजवळ आली, गाठीवर आली, गाठीवरून पलीकडे गेली. पलीकडे जिथं सपाट कापड होतं तिथं थांबली आणि नसलेलं काहीतरी चिमटीत धरून उचललं. थोरलीनं कापड थोडं सरकवलं. गाठ पुन्हा बोटांखाली आणली. बोटं पुन्हा तशीच पुढे गेली.

नवरा दारात डबा घेऊन उभा होता, पाळीला निघालेला. "काय झालं?"

"सुटली," ती म्हणाली.

"काय सुटली?"

"गाठ. तिच्या हातून गाठ सुटली." तिनं तुकडा घडी करून बाजूला ठेवला. घडी नीट घातली, कडेला कड लावून. "मी किती मूर्ख. काल ती बोलत होती हो. काल शुद्धीत होती. मला वाटलं, बरी होतेय." नवऱ्यानं डबा खाली ठेवला. त्या दिवशी तो पाळीला गेला नाही.

फोनवर धाकटीनं विचारलं, "बोलते का?"

"नाही आता."

"आता म्हणजे? कधीपर्यंत बोलत होती?"

थोरलीनं खरं सांगितलं. "निघते," धाकटी म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. केस पिकायला लागलेले, खांद्यावर केसाळ राखी शाल, हातात एकच पिशवी. खाटेपाशी आली आणि उभीच राहिली, परक्याच्या घरी उभं राहावं तशी. आईचा श्वास आता मोठमोठ्या अंतरानं येत होता. डोळे उघडत नव्हते. हात मात्र अजून चालत होते, मंद, घड्याळाची चावी संपत यावी तसे.

"बस ना," थोरली म्हणाली.

धाकटी खाटेच्या कडेवर बसली आणि वाकली. "आई, मी आलेय ग." शालीचं टोक ब्लँकेटवर पडलं. आईची बोटं सरकत सरकत तिथवर आली, शालीवर चढली, एक लव चिमटीत धरली आणि ओढली. मग दुसरी. मग बाहीवर.

धाकटी हलली नाही. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला, दारात थांबवलेल्या. "ताई," ती अगदी हळू म्हणाली, जणू मोठ्यानं बोलली तर ते थांबेल, "बघ. वेचतेय. माझ्या अंगावरचं वेचतेय ती."

थोरलीनं मान हलवली.

"मी हात लावू नकोस म्हणाले होते." धाकटीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसतही नव्हती, बाही हलेल म्हणून. "ओळखलं तिनं मला. ओळखल्याशिवाय कोणी असं... कधीपासून करतेय ग ती हे?"

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तो शब्दही आणि ती घडी घातलेली गाठही. त्यानं नजर खाली घातली.

"तू बसलीस ना," थोरली म्हणाली, "तेव्हापासून."

नवरा उठला आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेला.

"काही म्हणाली होती का माझ्याबद्दल?"

"म्हणाली, ती गाठ नव्हती. मी उगाच काढली, म्हणाली."

"कोणाबद्दल?"

"ते नाही सांगितलं. मी विचारलं नाही." हे खरं होतं आणि सांगायला सगळ्यांत अवघडही. पण धाकटीनं ते जेमतेम ऐकलं. तिचं सगळं लक्ष बाहीवर सरकणाऱ्या त्या दोन बोटांकडे होतं.

दिवस कलायच्या आधी बोटं थांबली. श्वास त्यानंतर थोडा वेळ चालला, मग तोही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. जाताना त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला, तो शब्द पुन्हा काढला नाही.

नंतर धाकटी खिडकीपाशी उभी होती. शाल तिनं काढलीच नव्हती. "ही मी कधी धुणार नाही," ती म्हणाली. "इतका प्रवास करून आले, गाडीत काय काय चिकटलं असेल. पण एक कुसळ ठेवलं नाही बघ तिनं."

थोरली तिच्या मागे उभी होती. खिडकीतला शेवटचा उजेड शालीच्या पाठीवर तिरपा पडला होता. डाव्या खांद्याच्या जरा खाली पांढऱ्या लोकरीचा एक पुंजका होता, बोराएवढा आणि त्यात अडकलेलं कुसळ. बाहीवर, जिथं आईची बोटं इतका वेळ फिरली होती, तिथं आणखी एक.

तिनं धाकटीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग बाहीवरून. बोटांना काम माहीत होतं. त्यांना दोनदा शोधावं लागलं नाही.

"हो," थोरली म्हणाली आणि मूठ मिटली. "एकही नाही."